एज्युकेशनच्या जर्नलला पेपर पाठवलाय? मग आत काय चालतं ते समजून घ्या

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तुमच्या पेपरचा निर्णय रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासून अहवाल देणारे तज्ज्ञ, घेत नाहीत, एडिटर घेतो. रिव्ह्यूअर फक्त सल्ला देतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्यांदा पेपर पाठवणाऱ्यांचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण मग ते रिव्ह्यूअरला खूश करायला बसतात, दोन रिव्ह्यूअर उलटसुलट बोलले की हातपाय गाळतात आणि एडिटरने पत्रात स्वतः लिहिलेल्या चार ओळी, ज्यांच्यावर खरं तर सगळं अवलंबून असतं, त्यांच्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. पुढे सांगतेय ते एज्युकेशनच्या जर्नलबद्दल, म्हणजे शाळा, शिक्षक, अभ्यासक्रम, मूल्यमापन वगैरे. बाकी विषयांत ढाचा साधारण हाच असतो, भांडणं मात्र वेगळ्या मुद्द्यांवर होतात.

रिव्ह्यूअरपर्यंत पोचण्याआधीच

तुम्ही स्कॉलरवन, एडिटोरियल मॅनेजर किंवा ओजेएस, ज्या कुठल्या सिस्टिमवर असेल तिथे फाइल चढवली की पहिल्यांदा ऑफिसातलं कुणीतरी बघतं. शब्दमर्यादा पाळलीय का, नाव काढलंय का, टेबलं जागेवर आहेत का, दुसऱ्या लेखांशी मजकूर किती जुळतोय त्याचा रिपोर्ट काय म्हणतो, एथिक्सच्या मंजुरीचा उल्लेख आहे का. इथून फाइल परत आली तर ते रिजेक्शन नसतं, दुरुस्त करून लगेच परत पाठवायची, मनाला लावून घ्यायचं नाही.

त्यानंतर एडिटर किंवा त्यांचा असोसिएट एडिटर. हा माणूस बहुतेक वेळा कुठेतरी पूर्णवेळ प्राध्यापक असतो, एडिटरचं काम वरचं. तो शीर्षक, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, प्रस्तावनेची दोन पानं, मेथड आणि शेवट एवढं बघून ठरवतो की हा पेपर कुणाच्या तरी वेळेला लायक आहे का. नाही वाटलं तर डेस्क रिजेक्ट, म्हणजे रिव्ह्यूअरकडे न पाठवताच नकार. चांगल्या जर्नलमध्ये असे बरेच पेपर इथेच थांबतात आणि प्रत्येक वेळी ते वाईट असतात म्हणून नाही. जर्नल शिक्षक-प्रशिक्षणाचं आणि पेपर भौतिकशास्त्राच्या प्रयोगाचा, त्यात 'विद्यार्थी' हा शब्द दोनदा आला म्हणून तो एज्युकेशनचा होत नाही. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे 'आम्ही नवीन कोर्स सुरू केला, मुलांना फॉर्म भरायला दिला, बहुतेकांना आवडला'. हा तुमच्या संस्थेसाठी उपयोगी अहवाल आहे, पण तुमच्या संस्थेबाहेरच्या वाचकाला यातून काय कळलं हा प्रश्न एडिटरला पडतो आणि त्याचं उत्तर पेपरात सापडत नाही. तिसरा प्रकार प्रबंधाचं एक प्रकरण कापून तसंच पाठवायचं, पहिली पंधरा पानं पूर्वसंशोधनाचा आढावा आणि स्वतःचं काम शेवटच्या सहा पानांत कोंबलेलं. प्रबंधात परीक्षकाला दाखवायचं असतं की मी सगळं वाचलंय, जर्नलच्या वाचकाला त्याचं काही पडलेलं नसतं, त्याला तुमचा प्रश्न आणि तुमचा पुरावा हवा असतो.

म्हणून पाठवायच्या आधी त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक खरोखर उघडून बघा. संदर्भसूचीत घालण्यासाठी दोन नावं उचलायला नाही, तर तिथे सध्या कोणती चर्चा चालू आहे, कुठल्या पद्धतीचं काम ते छापतात, मुलाखतींवर आधारलेले पेपर येतात की सगळे मोठ्या डेटाचे, हे कळायला. काही जर्नलचा साचाच ठरलेला असतो. 'रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च' हे १९३१ पासूनचं जर्नल आधीच्या संशोधनाचे चिकित्सक आढावे छापतं, तिथे तुमच्या शाळेतला नवाकोरा प्रयोग पाठवून काय होणार, दुसऱ्या दिवशी परत. ते काढणाऱ्या अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन या संघटनेचंच 'अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च जर्नल' आहे, ते १९६४ पासून मूळ संशोधन छापतं. दोन्ही एकाच घरची, पण एकाचा पेपर दुसऱ्याला चालत नाही.

कव्हर लेटर लहान ठेवा. प्रश्न काय होता, काय सापडलं, याच जर्नलच्या वाचकांना ते का हवं, हा पेपर दुसरीकडे पाठवलेला नाही, याच डेटावरचा आणखी एखादा पेपर असेल तर तो कुठे आहे. बास. 'आपल्या अत्यंत प्रतिष्ठित जर्नलमध्ये' अशी आरती ओवाळायची गरज नाही, एडिटर ते वाचतही नाही. त्याच डेटावरचा दुसरा पेपर लपवू मात्र नका. एकाच सर्वेक्षणाचे तुकडे करून चार पेपर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि एडिटरला ते नंतर दुसऱ्याकडून कळलं की पुढचे सगळे पेपर संशयाने बघितले जातात.

नाव काढणं म्हणजे काय काय काढणं

एज्युकेशनच्या जर्नलमध्ये बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी पडदा असतो, तुम्हाला रिव्ह्यूअर माहीत नाही आणि रिव्ह्यूअरला तुम्ही. पडदा कशाला लागतो त्याचं एक जुनं उदाहरण आहे. पीटर्स आणि सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये छापलेला प्रयोग, त्यांनी नामवंत संस्थांमधल्या लेखकांचे आधीच छापून आलेले १२ पेपर घेतले, लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून अनोळखी केली आणि ज्या जर्नलमध्ये ते छापले होते तिथेच परत पाठवले. तीन पेपरांच्या बाबतीत लक्षात आलं की हा जुनाच पेपर आहे. उरलेल्या ९ पैकी ८ रिजेक्ट झाले, आणि कारणं दिली ती बऱ्याचदा मेथडमधल्या गंभीर दोषांची! या प्रयोगावर तेव्हाच भरपूर टीका झाली आणि नमुना छोटाच आहे, पण पेपराच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे याने वाचणाऱ्याचं मन हलतं ही शंका काही गेली नाही.

तर नाव काढताना पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. आभार, निधी देणाऱ्या योजनेचा क्रमांक, एथिक्स कमिटी कुठल्या विद्यापीठाची ते, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लपलेलं लेखकाचं नाव, ट्रॅक चेंजेसमधल्या कॉमेंटवर दिसणारं गाईडचं नाव, हे सगळं बघा. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख 'आमच्या आधीच्या अभ्यासात' असा करू नका, तिऱ्हाईतासारखा करा, अमुक यांनी २०१९ मध्ये असं दाखवलं. आणि अतिरेकही नको. काही जण स्वतःचा प्रत्येक संदर्भ काढून तिथे 'लेखक, २०१९' लिहितात, आठ ठिकाणी 'लेखक' दिसलं की रिव्ह्यूअरला पाच मिनिटांत कळतं की हा कोण आहे, आणि वर त्याला ते संदर्भ तपासताही येत नाहीत. शाळेचं नाव, गावाचं नाव, शिक्षकांची नावं बदलायची ती रिव्ह्यूसाठी नव्हे, त्या माणसांसाठी, त्यामुळे ती छापतानाही बदललेलीच राहतात.

पडदा पक्का असतो असं समजू नका. विषय लहान असेल, तुमच्या उपक्रमाला स्वतःचं नाव असेल, परिषदेत तुम्ही तो मांडला असेल, तर ओळखणारा ओळखतोच.

काही ठिकाणी सबमिट करतानाच रिव्ह्यूअर सुचवायला सांगतात. गाईड, सहलेखक, त्याच विभागातले लोक सुचवू नका, आणि ईमेल संस्थेचाच द्या. ही सोय लोकांनी इतकी वापरून घेतलीय की एडिटर आता सावध असतात. २०१४ मध्ये सेज प्रकाशनाने एका इंजिनिअरिंगच्या जर्नलमधले ६० पेपर एकदम मागे घेतले, कारण खोट्या ओळखी आणि खोटे ईमेल बनवून आपलेच पेपर आपणच पास करायचं रॅकेट निघालं होतं. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलमधून अशाच रिव्ह्यूमधल्या गडबडींमुळे ८००० पेक्षा जास्त पेपर मागे घेतले गेले. तेव्हा एडिटरने तुम्ही सुचवलेल्यांपैकी एकालाही विचारलं नाही तर राग मानू नका.

स्टेटस बघत बसणं

'विथ एडिटर', 'अंडर रिव्ह्यू', 'रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड', हे शब्द बघून लोक ज्योतिष काढतात. फार काही काढू नका. 'विथ एडिटर' आठवडेच्या आठवडे दिसतं तेव्हा बऱ्याचदा एडिटर रिव्ह्यूअर शोधत असतो, एकाला विचारलं तो नाही म्हणाला, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तिसरा हो म्हणाला आणि गायब झाला. रिव्ह्यू करण्याचे सहसा पैसे मिळत नाहीत, वेळ प्रत्येकाचा स्वतःचा जातो. परीक्षांचे पेपर तपासण्याच्या दिवसांत तर एज्युकेशनच्या लोकांना विचारूच नये, सगळेच त्यात बुडालेले. कधीकधी 'अंडर रिव्ह्यू' वरून स्टेटस परत 'विथ एडिटर' वर येतं, म्हणजे एखादा रिव्ह्यूअर मागे हटला असेल किंवा रिव्ह्यू आले असतील, बाहेरून सांगता येत नाही. जर्नलने स्वतःच वेबसाइटवर जो काळ दिलाय तो उलटला, किंवा तीन-चार महिने काहीच हललं नाही, तर एक सभ्य ईमेल टाका. दर आठवड्याला नको.

आणि इथे पुन्हा तेच, एडिटर रिव्ह्यूअर निवडतो ते काहीतरी ठरवून. एक विषयातला, एक मेथडवाला, जमलं तर एक थोडा बाहेरचा. म्हणजे दोघांचे अहवाल वेगळे येणारच, ते वेगळे यावेत म्हणूनच तर दोघांना विचारलं.

हे सगळं अनादि काळापासून चालत आलंय असं वाटतं पण तसं नाही. १६६५ मध्ये रॉयल सोसायटीच्या हेन्री ओल्डनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं तेव्हा काय छापायचं ते बरंचसं स्वतःच ठरवत, लेखी अहवाल मागवायची पद्धत तिथे १८३० च्या दशकात आली, आणि 'नेचर'मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सक्तीची झाली ती १९७३ मध्ये. १९३६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'च्या एडिटरने आइन्स्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला तेव्हा आइन्स्टाइन भडकले, छापायच्या आधी परक्याला दाखवायची परवानगी मी दिलीच नव्हती म्हणाले, पेपर काढून घेतला. गंमत म्हणजे तो तज्ज्ञ बरोबर होता, पुढे दुसरीकडे पेपर छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. तेव्हा पहिल्या अहवालाचा राग आला तर समजा की तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

रिव्ह्यूअर नेमकं कुठे बोट ठेवतो

इथे जरा सविस्तर बोलू, कारण अर्धे पेपर याच जागी अडकतात. एक कल्पित पेपर घेऊ. सहावीचे दोन वर्ग, एकात ४१ मुलं, दुसऱ्यात ३९. पहिल्या वर्गात अपूर्णांक गटचर्चेतून शिकवले, दुसऱ्यात नेहमीसारखे. आधी चाचणी, आठ आठवडे शिकवणं, नंतर चाचणी, मग टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची सांख्यिकी चाचणी. गटचर्चेच्या वर्गाचे गुण जास्त, फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय. निष्कर्ष, गटचर्चेमुळे अपूर्णांकाची समज वाढते.

लेखकाला वाटतं नमुना ८० मुलांचा आहे. मेथडवाला रिव्ह्यूअर म्हणतो नमुना दोनचा आहे. कारण मुलं एकेक करून गटात टाकलेली नाहीत, आख्खा वर्ग या बाजूला आणि आख्खा वर्ग त्या बाजूला गेलाय, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी होत जातात, तोच शिक्षक, तीच वेळ, तीच दोन दंगेखोर मुलं सगळ्यांच्या डोक्याला ताप. टी-टेस्ट धरून चालते की प्रत्येक मूल सुटं आहे. वीस-तीस वर्ग असते तर मल्टिलेव्हल मॉडेल (मुलं वर्गांत गटागटाने असतात हे धरून चालणारी सांख्यिकी पद्धत) लावून हे सांभाळता आलं असतं, दोन वर्गांत कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

मग पुढचे प्रश्न येतात. पहिल्या वर्गाला शिकवलं कोणी? संशोधकानेच शिकवलं असेल आणि दुसऱ्या वर्गाला दुसऱ्या बाईंनी, तर फरक गटचर्चेचा की शिक्षकाचा? चाचणी कोणी बनवली? संशोधकाने बनवली आणि त्यात गटात सोडवलेल्या गणितांसारखीच गणितं असतील तर तो वर्ग पुढे जाणारच. 'नेहमीसारखं शिकवलं' म्हणजे काय, त्या वर्गात कुणी बसून बघितलं का, की ती एक ओळ नुसती लिहायची म्हणून लिहिली? दोन्ही वर्गांना तासिका सारख्याच मिळाल्या का? क्रॉनबाखचा अल्फा दिलाय, छान, पण तो त्या चाचणीचे प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच सांगतो, ती चाचणी समज मोजते की पाठांतर हे सांगत नाही. नवीन काहीही आणलं की मुलं काही दिवस उत्साहात असतात, आठ आठवड्यांनंतर काय? परिणाम किती मोठा आहे ते कुठे दिलंय, नुसतं 'पी ०.०५ पेक्षा कमी' (सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय म्हणायची नेहमीची खूण) लिहून ते कळत नाही. आणि संमती, पालकांची घेतली पण मुलांना विचारलं का, आणि तेच शिक्षक संशोधक असतील तर मूल नाही म्हणू शकत होतं का? हा शेवटचा प्रश्न एज्युकेशनमध्ये फार येतो, मेडिकलमध्ये डॉक्टर-पेशंटचं जे नाजूक नातं तेच इथे शिक्षक-विद्यार्थ्याचं.

एवढं वाचून लेखक म्हणेल संपलं सगळं. तसं नसतं. चांगला रिव्ह्यूअर इथे असं काहीतरी लिहितो: 'दोन वर्गांवरून परिणामाचा दावा करता येणार नाही. पण लेखकांकडे आठ आठवड्यांच्या गटचर्चेची रेकॉर्डिंग आहेत असं मेथडमध्ये म्हटलंय आणि निष्कर्षांमध्ये त्यातलं एकच उदाहरण आलंय. मुलं छेद वेगळे असताना एकमेकांना कसं समजावतात, चुकीची कल्पना गटात कशी पसरते किंवा मोडते, यावर हा पेपर उभा राहिला तर तो वाचण्यासारखा होईल.' म्हणजे पेपर तोच, डेटा तोच, दावा बदलला. 'वाढते' हा शब्द गेला आणि 'काय घडतं' हा प्रश्न आला. मेजर रिव्हिजन (मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा असा निर्णय) म्हणजे पुष्कळदा एवढंच सांगणं असतं की तुमच्या पुराव्याला पेलवेल तेवढंच बोला.

मुलाखतींवरच्या पेपरांचं दुखणं वेगळं. १२ शिक्षकांच्या मुलाखती, थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (मुलाखतींमधून समान सूत्रं, म्हणजे थीम, काढायची पद्धत) केलं, ती पद्धत मांडणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६ चा संदर्भ टाकला, आणि पाच थीम 'समोर आल्या'. थीम बघाव्या तर मुलाखतीतले पाच प्रश्नच, फक्त प्रश्नचिन्ह काढलेलं. प्रश्न विचारला अडचणी कोणत्या, थीम आली 'अडचणी'. रिव्ह्यूअर विचारणार की विश्लेषण कुठे आहे, तुम्ही नुसते कप्पे केलेत. आणि थीम आपोआप समोर येत नाहीत, संशोधक त्या घडवतो, हे तर ब्राउन आणि क्लार्क स्वतःच पुन्हा पुन्हा सांगत आलेत. दर थीमखाली तीन लांब उतारे आणि मध्ये एक ओळ तुमची, असं असेल तर ते प्रमाण उलटं करा.

निर्णयाचं पत्र आलं

पहिल्याच फेरीत जसाच्या तसा स्वीकार जवळजवळ कधीच होत नाही. मायनर (किरकोळ दुरुस्त्या), मेजर, सुधारून नव्याने पाठवा, आणि नकार, असे साधारण प्रकार. मेजर आलं तर चांगली बातमी आहे हो, एडिटरला पेपर नको असता तर त्याने स्वतःच्या मागे दुसऱ्या फेरीचं काम लावून घेतलं नसतं. 'सुधारून नव्याने पाठवा' मध्ये मात्र पेपर बऱ्याचदा नव्या क्रमांकाने जातो, रिव्ह्यूअर नवे असू शकतात, त्यामुळे ते नीट वाचून घ्या.

पत्र एकदा वाचा आणि दोन दिवस बंद करून ठेवा. मग उघडल्यावर रिव्ह्यूअरच्या आधी एडिटरचं वाचा. 'विशेषतः दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या नमुन्याबद्दलच्या मुद्द्याकडे लक्ष द्यावे' असं तिथे असेल तर तोच दरवाजा आहे, तो उघडला नाही तर बाकीच्या तीस किरकोळ दुरुस्त्या करून उपयोग नाही.

उत्तराचं एक टेबल करा, डावीकडे कॉमेंट शब्दशः, मध्ये तुमचं उत्तर, उजवीकडे कुठल्या पानावर काय बदललं. कॉमेंट स्वतःच्या शब्दांत सारांश करून लिहू नका, तिथे सोयीचं सोयीचं उरतं आणि रिव्ह्यूअरच्या ते लगेच लक्षात येतं. एका परिच्छेदात तीन मुद्दे असतील तर ते सुटे करून तीन ओळी करा. दर ओळीला 'या अत्यंत मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत' लिहायची गरज नाही, एकदा सुरुवातीला आभार मानले की झालं. 'दुरुस्ती केली आहे' एवढंच लिहून सोडू नका, बदललेलं वाक्यच टेबलात चिकटवा, म्हणजे एडिटरला दोन फाइली शेजारी ठेवून शोधाशोध करावी लागत नाही, आणि ज्याचं काम तुम्ही सोपं करता तो माणूस तुमच्या बाजूने झुकतो हे साधं आहे.

नाही म्हणता येतं का? येतं, पण कारणासकट. समजा वरच्याच मुलाखतींच्या पेपरवर एका रिव्ह्यूअरने लिहिलं की दोन जणांनी वेगवेगळं कोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं) करून त्यांच्यातल्या जुळणीचा आकडा द्या. तुम्ही जर रिफ्लेक्झिव्ह पद्धतीने, म्हणजे संशोधकाची स्वतःची नजर विश्लेषणात धरून, काम केलं असेल तर तो आकडा त्या पद्धतीत बसतच नाही. मग असं लिहा: 'आम्ही वापरलेल्या पद्धतीत संशोधकाचा अन्वयार्थ हा विश्लेषणाचाच भाग मानला जातो, त्यामुळे कोडर्समधल्या जुळणीचा आकडा इथे लागू पडत नाही असं आम्हाला वाटतं. मात्र विश्लेषण कसं केलं हे मूळ मसुद्यात पुरेसं स्पष्ट नव्हतं. पान ९ वर आता दोन परिच्छेद वाढवले आहेत, कोड कसे बदलत गेले याचं एक उदाहरण टेबल २ मध्ये दिलं आहे.' बघा, मागितलेलं दिलं नाही, पण त्या मागणीच्या मागे जी शंका होती तिला उत्तर दिलं. एडिटरला एवढं पुरतं. पाचदहा मुद्द्यांपैकी एकदोन ठिकाणी नाही म्हणा, सगळीकडे नाही म्हटलं तर मग पेपर का पाठवला असा प्रश्न येतो.

दोघे उलट बोलले, एक म्हणाला थिअरी वाढवा, दुसरा म्हणाला थिअरी कापा, तर दोघांनाही अर्धं अर्धं देऊ नका, त्याने पेपराची खिचडी होते. एक बाजू घ्या, दुसऱ्याला का नाही ते टेबलात लिहा, आणि खरंच कळत नसेल तर दुरुस्तीला बसण्याआधीच एडिटरला विचारा, ते त्यांचंच काम आहे. शब्दमर्यादेचंही तसंच, सगळे वाढवा वाढवा म्हणतात आणि मर्यादा ८००० ची ८००० च राहते. उत्तराच्या पत्राला मर्यादा नसते, लांब स्पष्टीकरण तिथे द्या आणि पेपरात दोन वाक्यं.

एखाद्या रिव्ह्यूअरने सहा पेपर वाचायला सुचवले आणि सहाही एकाच लेखकाचे, विषयाशी फारसा संबंध नाही, तर ते निमूटपणे घालू नका. एडिटरला वेगळा ईमेल करा. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कोप या प्रकाशन-नीतीच्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हे स्पष्ट आहे की रिव्ह्यूअरने स्वतःचे संदर्भ वाढवायला असं सुचवू नये.

नकार आला तर अपील फक्त तथ्याची चूक झाली असेल तेव्हाच, म्हणजे रिव्ह्यूअर म्हणतोय प्री-टेस्ट नाही आणि ती टेबल १ मध्ये आहे. 'आमच्या कामाचं महत्त्व कळलं नाही' हे अपील होत नाही. दुसरीकडे पाठवताना अहवालातले पटलेले मुद्दे दुरुस्त करूनच पाठवा, क्षेत्र लहान असतं, दुसऱ्या जर्नलने तोच पेपर त्याच माणसाकडे पाठवला असं सर्रास होतं आणि आपल्या एकाही सूचनेला हात न लावलेला पेपर परत बघून कुणाचाही पारा चढतो. एकाच वेळी दोन जर्नलला मात्र कधीच नाही.

आणि चार दिवसांत, एकही कॉमेंट न येता, 'अभिनंदन, स्वीकारले' असं आलं आणि खाली पैसे भरायची लिंक असेल तर तिथे रिव्ह्यू झालेलाच नाही. जर्नल डीओएजेच्या (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या, तपासलेल्या जर्नलची सूची) यादीत आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का आणि त्यांच्या स्वतःच्या पानावर त्या जर्नलचं नाव आहे का, हे पाठवण्याआधी बघा.

तुम्हालाच रिव्ह्यू करायला बोलावलं तर

बोलावणं आलं की आधी तीन गोष्टी: लेखक ओळखीचा निघाला का, वेळ आहे का, आणि यातलं मला किती कळतं. अर्धंच कळत असेल तरी हो म्हणायला हरकत नाही, फक्त एडिटरला सांगा की सांख्यिकीचा भाग मी तपासू शकणार नाही. नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणा आणि एखादं नाव सुचवा, महिनाभर गप्प बसणं सगळ्यात वाईट.

पेपर गोपनीय असतो. मित्राला दाखवायचा नाही, आणि चॅटबॉटमध्ये टाकून 'याचा रिव्ह्यू लिही' असं तर अजिबात नाही, बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी हे स्पष्टपणे बंद केलंय कारण दुसऱ्याचं न छापलेलं काम तुम्ही तिसऱ्याच्या हातात देताय. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन रिव्ह्यू शिकवणं चांगलंच, पण एडिटरला आधी विचारून आणि त्याचं नाव कळवून. विद्यार्थी हे काम करू शकत नाहीत असं कुणी म्हटलं तर 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू' बघायला सांगा, तिथलं संपादक मंडळच डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचं असतं.

अहवालाच्या सुरुवातीला पेपर काय म्हणतो ते तुमच्या शब्दांत चार-पाच ओळींत लिहा. याने लेखकाला कळतं की त्याचं म्हणणं पोचलं की नाही, आणि कधीकधी लिहिताना तुम्हालाच कळतं की तुम्ही घाईत वाचलं होतं. मग तीन-चार मोठे मुद्दे, प्रत्येकाबरोबर काय केलं तर तो सुटेल ते. किरकोळ चुका शेवटी, पानांच्या क्रमांकासकट, आणि स्वल्पविराम दुरुस्त करत बसू नका. तुम्ही स्वतः केला असता तो अभ्यास मागू नका, समोर आहे तो तपासा. भाषा अडखळत असेल तर कुठलं वाक्य कळलं नाही ते दाखवा, 'इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे' हे वाक्य अपमानकारक आहे आणि कित्येकदा ज्याला पाठवलं त्याची मातृभाषा इंग्रजीच निघते.

लेखकासाठीच्या भागात 'स्वीकारावा' किंवा 'नाकारावा' लिहू नका, तो निर्णय तुमचा नाही आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरने वेगळं म्हटलं असेल तर एडिटरची पंचाईत होते. एडिटरसाठीचा गुप्त चौकोन असतो तो मजकूर कुठे उचललेला वाटतोय, संमतीबद्दल शंका आहे, अशा गोष्टींसाठी. वर लेखकाला गोडगोड आणि खाली एडिटरला 'कचरा आहे' असं करू नका, कारण मग एडिटरला नकार द्यायचा असतो आणि लेखकाला दाखवायला हातात कारणच नसतं.

स्वीकार झाल्यावर

काढलेलं सगळं परत घालायचं असतं, नाव, आभार, निधी, एथिक्स कमिटीचं नाव, स्वतःचे संदर्भ. मग प्रूफ येतं आणि परत पाठवायला अनेकदा दोनच दिवस देतात. तेव्हा वाक्यं सुधारायला बसू नका, ती वेळ गेलेली असते. टेबलं मूळ फाइलशी आकडा-आकडा ताडून बघा, दशांश चिन्ह सरकलेलं असतं, उणे चिन्ह गायब असतं, शिक्षकांच्या बदललेल्या नावांपैकी एखादं खरं नाव उताऱ्यात तसंच राहिलेलं असतं, आणि हे शेवटचं सापडलं तर दुसरं सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी प्रॉडक्शनला ईमेल करा.